लोकनायक बापूजी अणे : पाटण्याच्या राजभवनातून पुन्हा निवडणुकीच्या मैदानात

वणीकर

माधव श्रीहरी अणे, म्हणजे आपले लोकनायक बापूजी अणे, 12 जानेवारी 1948 पासून जून 1952 पर्यंत बिहारचे राज्यपाल होते. यवतमाळात त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे, जुन्या लोकांच्या बोलण्यात त्यांचं नाव आदराने येतं. पण त्यांच्यावर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक जंगल सत्याग्रहापाशी सुरू होतं आणि वेगळ्या विदर्भाच्या मागणीपाशी संपतं. मधली पाटण्याची जवळपास साडेचार वर्षं एका ओळीत उरकली जातात. म्हणून हा धागा काढतो आहे.

जन्म 29 ऑगस्ट 1880, वणी. शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात. काही काळ अमरावतीला शिक्षकी केली, मग कायद्याची पदवी घेऊन यवतमाळात वकिली थाटली. टिळकांच्या विचारांनी भारलेली ती पिढी. टिळकांच्या होमरूल लीगच्या कार्यक्षेत्रात मध्यप्रांत आणि वऱ्हाड होताच, आणि वऱ्हाडात ते काम उभं करणाऱ्यांत अणे पुढे होते. पुढे वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे ते बरीच वर्षं अध्यक्ष होते.

टिळक गेल्यावर गांधीयुग आलं. कायदेमंडळांवरचा बहिष्कार अण्यांना मनापासून पटला नाही. केळकर, जयकर, मुंजे यांच्याबरोबर ते प्रतियोगी सहकारितेच्या पक्षात होते, म्हणजे कायदेमंडळांत जाऊन सरकार देईल त्या प्रमाणात सहकार्य करावं असं मानणाऱ्यांत. भारताच्या घटनेचा आराखडा करणाऱ्या 1928 च्या नेहरू अहवालाच्या समितीतही ते होते. आणि हाच कायदेमंडळवादी माणूस 1930 मध्ये केंद्रीय कायदेमंडळाची जागा सोडतो आणि पुसदजवळच्या राखीव जंगलात जाऊन गवत कापतो! 10 जुलै 1930. वऱ्हाडाला समुद्र नाही, मिठागर नाही. आमच्या शेतकऱ्याला जाचणारा कायदा जंगलचा. गुरांना चारा नाही, आणि राखीव जंगलातलं गवत कापलं तर गुन्हा. मिठाचा सत्याग्रह वऱ्हाडच्या मातीत कसा रुजवायचा, याचं उत्तर अण्यांनी त्या विळ्याने दिलं. अर्थात तुरुंगवास झालाच.

त्यांच्या आयुष्याकडे पाहताना एक क्रम सारखा दिसतो. पद चालून येतं, ते स्वीकारतात, आणि न पटणारी गोष्ट समोर आली की सोडतात. 1933 मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्यावर (धर्म-जमातींना वेगळे मतदारसंघ देणारा ब्रिटिश सरकारचा निर्णय) काँग्रेसने 'स्वीकारही नाही आणि नकारही नाही' अशी भूमिका घेतली, तेव्हा त्यांनी मालवीयजींबरोबर कार्यकारिणी सोडून काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. 1941 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींचा आगाखान पॅलेसमधला एकवीस दिवसांचा उपवास चालू असताना, सरकार त्यांना सोडत नाही म्हणून होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्यासह राजीनामा देऊन बाहेर पडले. मग सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी. तिथे चहामळ्यांतल्या तमिळ मजुरांच्या हक्कांचा प्रश्न होता, तो आजही पूर्ण विझलेला नाही.

आणि मग बिहार. आधीचे राज्यपाल जयरामदास दौलतराम केंद्रात अन्नमंत्री म्हणून गेले आणि त्यांच्या जागी सदुसष्ट वर्षांचे अणे पाटण्याला आले.

मला सर्वांत मोठी वाटते ती त्यानंतरची गोष्ट. आपल्याकडे राज्यपालपद म्हणजे राजकारणाची संध्याकाळ. मानाने बसायचं, मानाने निवृत्त व्हायचं. अण्यांनी राजभवन सोडल्यावर वेगळ्या विदर्भाची बाजू घेतली, काँग्रेसच्या विरोधात उभे राहिले, ऐंशीच्या उंबरठ्यावर 1959 ची नागपूरची लोकसभा पोटनिवडणूक जिंकली आणि 1962 मध्ये पुन्हा अपक्ष म्हणून निवडून आले. पंतप्रधान नेहरू असताना, काँग्रेसच्या ऐन भराच्या काळात! त्यांच्या मागणीशी कोणी सहमत असो वा नसो, या हिमतीला तोड नाही असं मला वाटतं.

पाटण्याच्या वर्षांबद्दल ज्यांचं वाचन आहे त्यांनी लिहावं.

मृण्मयी_अकोला

फार गरजेचा धागा. आमच्याकडे शाळेत जंगल सत्याग्रह एका परिच्छेदात शिकवतात. त्याच महिन्यात यवतमाळजवळ डॉ. हेडगेवारांनीही जंगल सत्याग्रह करून अटक करवून घेतली होती. एका जिल्ह्यात, एका जुलैत, पुढे अगदी वेगवेगळ्या वाटांनी गेलेली माणसं एकाच कायद्याविरुद्ध उभी होती. वऱ्हाडाचा 1930 चा पावसाळा हा स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे.

गंगाकिनारी

मी बरीच वर्षं पाटण्यात राहते, म्हणून बिहारच्या बाजूने थोडं लिहिते.

वणीकर, अणे आले तेव्हाचा बिहार म्हणजे साधारण आजचा बिहार आणि झारखंड मिळून. उन्हाळ्यात राजधानी रांचीला हलायची. राज्यपालांचा मुक्कामही तिकडे. आणि ते आले तो महिना पाहा.

1 जानेवारी 1948 रोजी खरसावांच्या आठवडी बाजाराच्या मैदानात आदिवासींची प्रचंड सभा जमली होती. सरायकेला आणि खरसावां ही दोन छोटी संस्थानं ओरिसात विलीन करायचं ठरलं होतं, त्याला त्यांचा विरोध होता. आदिवासींचे नेते जयपाल सिंग मुंडा यांचं नाव ऐकून लांबलांबून माणसं चालत आली होती. ओरिसाच्या पोलिसांनी गोळीबार केला. अधिकृत आकडा 35 मृतांचा. लोकांच्या सांगण्यात तो कित्येक पटींनी मोठा आहे. आजही झारखंडमध्ये 1 जानेवारीला नव्या वर्षाचा जल्लोष बाजूला ठेवून हजारो लोक तिथल्या स्मारकावर जातात.

या घटनेला अकरा दिवस होतात तोच अण्यांनी सूत्रं हाती घेतली. मेच्या 18 तारखेला ही दोन्ही संस्थानं ओरिसातून काढून बिहारला जोडली गेली. म्हणजे ज्या जमिनीवर ते रक्त सांडलं ती चारच महिन्यांत त्यांच्या प्रांतात आली. आणि पदावर येऊन तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. गांधीजींचं आणि बिहारचं नातं चंपारणपासूनचं. 1947 च्या मार्चमध्ये दंगलींनंतर ते इथेच गावोगाव फिरत होते. त्या बिहारात, त्या दिवसांत, राजभवनात एक मराठी माणूस होता.

मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिन्हा, इथले सगळे त्यांना श्रीबाबू म्हणतात. अर्थखातं अनुग्रह नारायण सिन्हांकडे. दोघेही दांडगे. राज्यपालाने कारभारात हात घालावा अशी जागाच नव्हती, आणि अण्यांनी तसा प्रयत्न केल्याचं इथे कोणी सांगत नाही. इथल्या जुन्या अभ्यासकांत त्यांची ओळख 'संस्कृत जाणणारे राज्यपाल' अशी आहे. त्यांच्या काळात पाटण्यात काशीप्रसाद जायसवाल संशोधन संस्था उभी राहिली (1950), दरभंग्याला मिथिला संशोधन संस्थेची पायाभरणी झाली (1951). हे सगळं श्रेय एकट्या राज्यपालाचं नाही, पण विद्येची कदर असलेला कुलपती लाभणं ही त्या वर्षांत पाटणा विद्यापीठाला मिळालेली मोठी गोष्ट होती.

कलम_दोनशे

उत्तम चर्चा. मी वकिली करतो, त्यामुळे माझं लक्ष एकाच गोष्टीकडे जातं, आणि ती इथे अजून आलेली नाही. जमीनदारी!

स्वतंत्र भारतातला घटनात्मक कायद्याचा पहिला मोठा लढा बिहारच्या जमीनदारी निर्मूलनावरून झाला, आणि तो पूर्णपणे अण्यांच्या कारकिर्दीत बसतो. क्रम असा : 1948 मध्ये बिहारने जमीनदारी रद्द करणारा पहिला कायदा केला. तो अपुरा वाटला म्हणून नवं जमीन सुधारणा विधेयक आलं. विधिमंडळाने ते मंजूर केलं आणि राज्यपालांमार्फत ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी राखून ठेवलं गेलं. राष्ट्रपती होते राजेंद्रप्रसाद. स्वतः बिहारचे, आणि या विधेयकाबद्दल त्यांच्या मनात शंका होत्या. सप्टेंबर 1950 मध्ये त्यांनी सही केली. दरभंग्याचे महाराज कामेश्वर सिंह आणि इतर जमीनदार न्यायालयात गेले. 12 मार्च 1951 रोजी पाटणा उच्च न्यायालयाने कायदा रद्द ठरवला, कारण दिलं समानतेच्या हक्काचं : मोठ्या जमीनदाराला नुकसानभरपाई कमी पटीने आणि लहानाला जास्त पटीने, हा भेद घटनेच्या 14 व्या कलमाला धरून नाही.

दिल्ली हादरली. तीनच महिन्यांत पहिली घटनादुरुस्ती झाली, जमीन सुधारणा कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आव्हानापासून वाचवणारी 31 अ आणि 31 ब ही कलमं आली, अशा कायद्यांची यादी असलेलं नववं परिशिष्ट आलं. त्या परिशिष्टात पहिल्या क्रमांकावर कोणता कायदा आहे? बिहारचा 1950 चा जमीन सुधारणा कायदा. मे 1952 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुतांशी वैध ठरवला. पुढच्याच महिन्यात अणे निवृत्त झाले.

आज राज्यपालांनी विधेयकं अडवून ठेवण्यावरून वाद पेटतात तेव्हा कलम 200 आणि 201 (विधेयकाला राज्यपालांची आणि राष्ट्रपतींची संमती) सगळ्यांच्या तोंडी असतात. ही कलमं नवीकोरी असताना ज्या राज्यपालांना ती वापरावी लागली त्यांत अणे होते. आणि विधेयक राखून ठेवण्यामागे सरकारची कोंडी करण्याचा हेतू नव्हता. मालमत्तेच्या सक्तीच्या संपादनाच्या कायद्यांना राष्ट्रपतींच्या संमतीचं कवच मिळावं अशी घटनेतच तरतूद होती. बिहार सरकारलाही तेच हवं होतं.

मृण्मयी_अकोला

@कलम_दोनशे, एक शंका. अणे नेमले गेले 1948 मध्ये, तेव्हा घटना लागूच नव्हती. मग ते कोणत्या कायद्याखाली राज्यपाल होते?

कलम_दोनशे

चांगला प्रश्न, ताई. 1935 च्या भारत सरकार कायद्याखाली, स्वातंत्र्यानंतर त्यात केलेल्या फेरफारांसह. त्या वेळी वर गव्हर्नर जनरल होते, आधी माउंटबॅटन, जून 1948 पासून राजाजी. 26 जानेवारी 1950 ला घटना लागू झाली आणि तेच राज्यपाल नव्या घटनेखाली पदावर राहिले. एकाच खुर्चीत, एकाच माणसाच्या काळात, पदाचा कायदेशीर पाया बदलला.

मधल्या काळात घटना समितीत राज्यपाल कसा निवडावा यावर मोठी चर्चा झाली. आधी विचार होता की प्रांतातल्या प्रौढ मतदारांनी थेट निवडून द्यावा. 1949 च्या उन्हाळ्यात तो सोडून राष्ट्रपतींनी नेमण्याची पद्धत ठरली. निवडून आलेला राज्यपाल आणि निवडून आलेला मुख्यमंत्री यांच्यात झगडा होईल, हे मुख्य कारण. पगार दुसऱ्या परिशिष्टात ठरला, महिना 5,500 रुपये. अणे स्वतः घटना समितीचे सुरुवातीचे सभासद होते, पुढे राज्यपाल झाल्यावर या चर्चेच्या बाहेर गेले. स्वतः निवडणुकांतून वर आलेल्या माणसाला या प्रश्नावर काय वाटलं असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

सडेतोड

सगळे गौरवच करताय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. व्यक्तीबद्दल आदर ठेवूनच.

1941 मध्ये अणे व्हाइसरॉयच्या मंडळात गेले. त्या वेळी वैयक्तिक सत्याग्रह चालू होता, हजारो काँग्रेसजन तुरुंगात होते. 9 ऑगस्ट 1942 ला पहाटे गांधीजी आणि सगळी कार्यकारिणी पकडली गेली तेव्हा अणे सरकारात होते. चिमूर आणि आष्टी ही गावं इंग्रजांविरुद्ध पेटली ती याच ऑगस्टमध्ये, म्हणजे त्यांच्याच विदर्भात. राजीनामा आला सहा महिन्यांनी. वणीकर, तुम्ही राजीनाम्यांचा क्रम मांडलात तो खरा आहे, पण या सहा महिन्यांचं काय? ज्याने जंगलात गवत कापून तुरुंगवास पत्करला, त्याला ऑगस्ट 1942 मध्ये बाहेर पडता आलं नाही?

वणीकर

सडेतोड, मुद्दा रास्त आहे आणि तो टाळून अण्यांवर लिहिता येत नाही.

माझं वाचन असं. अणे हे शेवटपर्यंत टिळकांच्या वळणाचे राहिले : जे मिळतं ते घ्या, त्याचा वापर करा, उरलेल्यासाठी भांडा. मंडळात जाणं हे त्यांच्या 1926 च्या प्रतियोगी सहकारितेच्या भूमिकेशी पूर्ण सुसंगत होतं. त्यांच्याकडे परदेशस्थ हिंदी लोकांचं खातं होतं. 1942 च्या सुरुवातीला जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि लाखो हिंदी माणसं डोंगर-जंगलांतून पायी आसाम-मणिपूरकडे निघाली. वाटेत माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. युरोपियनांना वेगळी, सोयीची वाट आणि हिंदी मजुरांना वेगळी, यावरून देशभर संताप होता. हा प्रश्न अण्यांच्या खात्याच्या दारात होता. अशा वेळी खुर्ची सोडून जाणं त्यांना बरोबर वाटलं नसेल, असं मी समजू शकतो.

पण ऑगस्ट 1942 च्या अटकांनंतर मंडळात राहणं मला समर्थनीय वाटत नाही. चिमूर-आष्टीच्या लोकांवर जे गुदरलं ते पाहता तर नाहीच. त्यांचा फेब्रुवारी 1943 चा राजीनामा मला मोठा वाटतो, आणि त्याआधीचे सहा महिने मला खुपतात. दोन्ही एकाच माणसाचे आहेत.

सडेतोड

हे उत्तर पटलं. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या सरकारने अशा माणसाला राज्यपाल नेमलं, यातून नेहरू-पटेलांच्या मनाचाही अंदाज येतो. 1934 मध्ये पक्ष फोडून गेलेला, 1942 मध्ये सरकारात बसलेला माणूस. तरी त्याच्या अनुभवाची किंमत केली गेली. आंबेडकर, श्यामाप्रसाद मुखर्जी, षण्मुखम चेट्टी पहिल्या मंत्रिमंडळात आले, त्याच मालिकेतली ही नेमणूक.

शांताकाकू

मी संस्कृत शिकवत असे. बापूजींची आणखी एक बाजू सांगावीशी वाटते.

त्यांनी लोकमान्यांच्या चरित्रावर संस्कृतात महाकाव्य लिहिलं, 'श्रीतिलकयशोऽर्णवः'. तीन खंड. 1973 चा साहित्य अकादमीचा संस्कृतसाठीचा पुरस्कार त्याला मिळाला, तेव्हा ते हयात नव्हते. राजकारणात आयुष्य घालवलेल्या माणसाने म्हातारपणी आत्मचरित्र न लिहिता गुरूचं चरित्र लिहावं, तेही संस्कृत छंदांत, याचं मला आजही भरून येतं. केसरीचे खटले, मंडाले, काँग्रेसमधली भांडणं हे सगळे आधुनिक काळातले विषय वृत्तात बसवायचे म्हणजे किती तरी नवे शब्द घडवावे लागतात.

मुलांनो, त्यांच्यावर लिहाल तेव्हा ते 'संस्कृतप्रेमी' होते एवढं लिहून सोडू नका. ते संस्कृतात विचार करू शकणारे कवी होते. पाटण्याच्या आणि दरभंग्याच्या पंडितांना हा राज्यपाल आपला वाटला असेल तर त्यात नवल नाही. मैथिल पंडितांची परंपरा केवढी मोठी, तिथे उसनं संस्कृत खपत नाही.

गंगाकिनारी

काकू, अगदी खरं. मिथिलेत न्यायशास्त्राची, म्हणजे तर्कविद्येची, गंगेश पंडितापासूनची परंपरा. आणि गंमत पाहा, दरभंग्याचे महाराज एकीकडे संस्कृत विद्येचे आश्रयदाते आणि दुसरीकडे त्याच राज्याच्या जमीनदारी कायद्याविरुद्ध खटला लढणारे. मिथिला संशोधन संस्थेला जागा त्यांनीच दिली. राज्यपालाला एका हाताने त्यांच्या जमिनी काढून घेणारं विधेयक पुढे पाठवायचं होतं आणि दुसऱ्या हाताने विद्येच्या कामात त्यांच्याबरोबर बसायचं होतं.

वऱ्हाडी_ठेचा

आता आमच्या जिव्हाळ्याच्या विषयावर या बाप्पा. विदर्भ!

बापूजींनी म्हातारपणी उगाच हट्ट धरला असं पुण्या-मुंबईकडचे लोक लिहितात. काहून? 1955 मध्ये फाजल अली आयोगाने, म्हणजे राज्य पुनर्रचना आयोगाने, स्वतःच वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. बापूजी आयोगाच्याच बाजूचे होते. शिफारस बाजूला ठेवून आम्हाला आधी द्विभाषिक मुंबई राज्यात टाकलं, मग 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1953 चा नागपूर करार झाला, त्यात विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला घेण्याचं ठरलं, लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचं ठरलं. त्यातलं किती पाळलं गेलं ते आमच्या सिंचनाच्या अनुशेषाला विचारा. नागपूरच्या लोकांनी 1959 आणि 1962 अशी दोनदा बापूजींना लोकसभेत पाठवलं, ते फक्त वयाचा मान म्हणून नाही.

त्यांचे नातू अ‍ॅडव्होकेट श्रीहरी अणे राज्याचे महाधिवक्ता होते, आणि 2016 मध्ये वेगळ्या राज्यांच्या भूमिकेवरून त्यांना ते पद सोडावं लागलं. पद गेलं तरी भूमिका सोडायची नाही, हे घराण्यात आलेलं दिसतं.

कृष्णाकाठ

ठेचाभाऊ, तुमच्या अनुशेषाच्या दुःखाशी मी पूर्ण सहमत आहे. पण संयुक्त महाराष्ट्रासाठी 106 माणसांनी जीव दिला, ते मराठी माणसाचं एक राज्य व्हावं म्हणून. त्या वेळी विदर्भातलेही कितीतरी लोक संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने होते, अकोला कराराच्या वाटाघाटीत विदर्भाचे पुढारी बसले होते. बापूजींसारख्या टिळकभक्ताने भाषेचं सूत्र बाजूला ठेवावं, हे मला आजही समजत नाही. टिळकांच्या काळातच काँग्रेसने भाषावार प्रांतांचं तत्त्व मान्य करायला सुरुवात केली होती ना?

वऱ्हाडी_ठेचा

कृष्णाकाठ, एका भाषेची दोन राज्यं असू शकतात, हे बापूजींच्या डोक्यात स्पष्ट होतं. हिंदीची किती राज्यं आहेत? ते स्वतः त्यातल्या एकाचे राज्यपाल राहून आले होते!

गंगाकिनारी

वऱ्हाडी_ठेचा यांच्या या वाक्यावर मी बराच वेळ विचार करते आहे.

अण्यांनी पाटण्यातून जे राज्य पाहिलं ते एकभाषी म्हणवलं जाणारं, पण आतून दोन प्रदेशांचं होतं. उत्तरेला गंगेचं सपाट, दाट वस्तीचं खोरं. दक्षिणेला छोटा नागपूर : जंगल, खाणी, कोळसा, जमशेदपूरचा पोलाद कारखाना. संपत्ती दक्षिणेतून निघायची, सत्ता उत्तरेत. त्यांच्याच कारकिर्दीत जयपाल सिंगांनी झारखंड पक्ष काढला आणि 1952 च्या पहिल्या निवडणुकीत तो बिहार विधानसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. हा निकाल लागला तेव्हा अणे राजभवनातच होते.

आता हेच वर्णन नागपूरला बसून वाचा. जंगल, कोळसा, मँगनीज, कापूस विदर्भात. सत्तेचं केंद्र दूर. 1952 मध्ये पाटणा सोडून आलेल्या माणसाला विदर्भाचा प्रश्न नव्याने दिसला असेल, असं मला फार वाटतं. फाजल अली आयोगाने झारखंडची मागणी फेटाळली आणि विदर्भाची मान्य केली. पुढे झालं उलटं. झारखंड 2000 मध्ये झालं, विदर्भ राहिला.

वणीकर

गंगाकिनारी, तुमची मांडणी मनाला भिडते, आणि बिहारच्या बाजूने अण्यांकडे कोणी पाहिलेलं मी प्रथमच वाचतो आहे. तरी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. वऱ्हाड वेगळा आहे ही भावना अण्यांना बिहारने दिली नाही. वऱ्हाड 1853 पासून निजामाने इंग्रजांकडे दिलेला मुलूख, 1903 पासून मध्यप्रांताला जोडलेला, पण कायद्याने निजामाचाच. वऱ्हाडचा शेतसारा मध्यप्रांत खातो ही तक्रार अण्यांच्या तरुणपणापासूनची आहे. काँग्रेसनेही वऱ्हाडला स्वतंत्र प्रांतिक समिती दिली होती, आणि तिचे अध्यक्ष अणेच. बीज यवतमाळचं आहे. बिहारच्या अनुभवाने त्याला पाणी घातलं असेल, इतपत मी मानतो.

कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाबद्दल : माझा स्वतःचा कल संयुक्त महाराष्ट्राकडे आहे, हे इथे स्पष्ट सांगतो. तरीही अण्यांबद्दलचा आदर तसूभर कमी होत नाही.

चिंचवडकर

राज्यपाल झालेल्या मराठी माणसांत काकासाहेब गाडगीळांचंही नाव घ्यायला हवं. 1958 ते 1962 पंजाबचे राज्यपाल. त्याआधी केंद्रात बांधकाम, खाण आणि वीज खात्याचे मंत्री. भाक्रा-नांगलच्या कामाशी आणि 1947-48 च्या युद्धात पठाणकोट-जम्मू रस्ता घाईने उभा करण्याशी त्यांचा संबंध. पंजाबात मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों, म्हणजे साधं काम नव्हे. तिथून परतल्यावर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

एक सरळ प्रश्न : राज्यपाल राहिलेल्या माणसाने पुन्हा निवडणूक लढवावी का? मला व्यक्तिशः ते रुचत नाही. पदाची निःपक्षपाती प्रतिमा डागाळते.

कलम_दोनशे

कायद्याने अडचण नाही. कलम 158 प्रमाणे राज्यपाल असताना संसदेचं किंवा विधिमंडळाचं सभासद राहता येत नाही, एवढंच. नंतर मोकळीक. राजाजी पश्चिम बंगालचे राज्यपाल, मग गव्हर्नर जनरल, आणि 1952 मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री. आपल्याच विजयालक्ष्मी पंडित 1964 मध्ये महाराष्ट्राचं राज्यपालपद सोडून फुलपूरची पोटनिवडणूक लढल्या. सुशीलकुमार शिंदे 2006 मध्ये आंध्रचं राज्यपालपद सोडून केंद्रात मंत्री झाले.

पण चिंचवडकरांचा आक्षेप मला पटतो तो वेगळ्या कारणाने. परत जाण्याची वाट उघडी असेल तर राजभवनात बसलेला माणूस पक्षश्रेष्ठींना दुखावणार नाही.

वणीकर

कलम_दोनशे, तुम्ही दिलेल्या उदाहरणांत आणि अण्यांत एक फरक आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. राजाजींना काँग्रेसनेच बोलावलं. पंडितबाई काँग्रेसच्या तिकिटावर, त्याही नेहरूंच्या जागेवरून उभ्या होत्या. शिंदेसाहेब सत्तेतल्या पक्षात परतले. अणे ज्या सरकारने त्यांना राजभवनात बसवलं त्याच पक्षाविरुद्ध उभे राहिले, मंत्रिपदाची आशा नसताना, ज्या मागणीसाठी लढले ती दिल्लीने नुकतीच फेटाळलेली असताना. तिकिटाच्या आशेने श्रेष्ठींना जपणं हा जो धोका तुम्ही सांगता, तो अशा माणसाच्या बाबतीत उरतच नाही.

आणि पदावर असताना त्यांनी विदर्भाचं राजकारण केलं नाही. पाटण्यात होते तोवर ते बिहारचे राज्यपाल होते.

शांताकाकू

26 जानेवारी 1968 ला ते गेले. त्याच वर्षीच्या पद्मविभूषणच्या मानकऱ्यांत त्यांचं नाव आहे.

मृण्मयी_अकोला

वणीकर, एक विनंती. हरी विनायक पाटसकरांवरही असाच धागा काढा. जळगावचे खासदार, हिंदू विवाह कायदा आणि वारसा कायदा संसदेत पुढे नेणारे कायदा खात्याचे मंत्री, आंध्र-मद्रास सीमातंट्यात मध्यस्थ, आणि 1957 पासून मध्य प्रदेशचे राज्यपाल. 1955 चा हिंदू विवाह कायदा आणि 1956 चा वारसा कायदा म्हटलं की सगळ्यांना आंबेडकर आठवतात आणि ते योग्यच आहे, पण प्रत्यक्ष विधेयकं संसदेतून पार नेणाऱ्याचं नाव खानदेशातही कोणी घेत नाही.

वणीकर

नक्की, ताई. पाटसकरांच्या 1955-56 च्या लोकसभेतल्या भाषणांपासूनच सुरुवात करतो. चाळीसगाव-जळगावकडच्या कोणाकडे त्यांच्या वकिलीच्या दिवसांबद्दल जुनी कात्रणं किंवा स्मरणिका असतील तर इथेच कळवा, म्हणजे नव्या धाग्यात वापरता येतील. आणि गंगाकिनारी, खरसावांवर तुम्ही वेगळं लिहाच.